ग्रामीण भागात उद्योग आणण्यासाठी वीज, पाणी आणि फायबरची तयारी कशी करावी

उद्योग यावेत म्हणून भूखंड पाडण्याआधी स्थानिक संस्थेने आपल्याकडील सुविधांची शिल्लक क्षमता मोजावी. ‘वीज आहे, पाणी आहे’ एवढ्यावर कोणताही उद्योजक पैसा गुंतवत नाही. किती मिळेल, किती खात्रीने मिळेल आणि जोडणी केव्हा मिळेल, हे त्याला लेखी हवे असते.

सुरुवात विजेपासून करावी. उपकेंद्रातील रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) 10 एमव्हीएचे (एमव्हीए म्हणजे विद्युत क्षमतेचे एकक) असेल आणि वर्षातील सर्वाधिक भार 8.5 एमव्हीएपर्यंत जात असेल, तर देण्याजोगे फार तर 1.5 एमव्हीए उरतात. येथे सरासरी भार धरू नये, कारण सिंचनाचे पंप एकाच वेळी चालू होतात त्या आठवड्यांतच खरी परीक्षा होते. भूखंड उपकेंद्रापासून लांब असेल, तर 11 केव्हीऐवजी (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, विजेच्या दाबाचे माप) 33 केव्ही वाहिनीचा विचार अवश्य करावा. तेवढीच वीज तिप्पट दाबाने नेल्यास प्रवाह एक तृतीयांश होतो आणि त्याच जाडीच्या तारेतील गळती एक नवमांशावर येते. त्याबरोबरच मागील 12 महिन्यांत पुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला, याची फीडरनिहाय (उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीची वेगळी) नोंद काढावी. क्षणभर दाब कोसळला तरी यंत्रांचे नियंत्रक बंद पडतात आणि संपूर्ण उत्पादन थांबते, म्हणून हे छोटे झटके नोंदीतून वगळणे म्हणजे येणाऱ्या उद्योजकाची दिशाभूल करणे होय.

पाण्यासाठी कूपनलिकेवर निदान सलग 24 तास उपसा चाचणी घ्यावी आणि तीही उन्हाळ्याच्या अखेरीस, कारण पावसानंतरचे आकडे सुखावणारे असले तरी उपयोगाचे नसतात. पाण्याची कठीणता, विद्राव्य क्षार आणि सिलिका तपासून घ्यावी. ज्यांना बॉयलर चालवायचा आहे ते हे पहिल्याच भेटीत विचारतात.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सांडपाण्याकडे. घरगुती सांडपाण्याचा बीओडी (त्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 250 मिलिग्रॅम आणि दुग्धप्रक्रिया कारखान्याचा 1,500 मिलिग्रॅम धरला, तर कारखान्याच्या 100 घनमीटर पाण्यातून दररोज 150 किलो भार येतो, म्हणजे 600 घनमीटर घरगुती सांडपाण्याइतका. केवळ लिटर मोजून परवानगी दिली, तर गावाचे शुद्धीकरण केंद्र कोलमडते आणि त्याचा त्रास नदीकाठच्या लोकांना भोगावा लागतो. त्यामुळे कारखान्यातच प्राथमिक शुद्धीकरण करण्याची अट आणि सोडावयाच्या पाण्याची मर्यादा करारातच घालावी.

इंटरनेटसाठीच्या फायबरच्या दोन केबल एकाच चरातून गेल्या, तर खोदाईचा एक घाव दोन्ही तोडतो; दुसरी केबल वेगळ्या मार्गानेच आणावी. रस्त्याचे काम निघेल तेव्हा रिकामे पाइप टाकून ठेवावेत.

सर्व क्षमता आधीच उभी करू नये, कारण उद्योग आलाच नाही तर तिचा बोजा सध्याच्या ग्राहकांच्या बिलावर पडतो. वाहिन्यांच्या मार्गाचे हक्क, आराखडे आणि दुसऱ्या रोहित्राची जागा एवढे आधी मिळवावे, कारण वेळ बहुधा तेथेच जातो. रोहित्राची मागणी मात्र उद्योजकाने भाराचा करार केल्यावर नोंदवावी. उपलब्ध क्षमता, जोडणीची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असलेले एकपानी पत्रक तयार करून त्यावर तारीख घालावी आणि प्रत्येक नव्या जोडणीनंतर ते दुरुस्त करावे.