गोल्फमधलं पटिंग सुधारायचंय? आधी वेग, मग दिशा

पट म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू घरंगळवत होलकडे नेणारा फटका; तो मारायची काठी म्हणजे पटर. ७२ पारच्या (७२ फटके अपेक्षित असलेल्या), अठरा होलच्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे ३६ फटके, अगदी निम्मे, पटरचे. तरी सरावाला गेलं की हात लांब फटक्याच्या ड्रायव्हरकडेच जातो. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची आदिती अशोक चौथी आली. होलच्या पहिल्या फटक्याला तिचा चेंडू अनेकींच्या मागे राहत होता. तिला टिकवून धरलं ते पटिंगने.

सुरुवात वेगापासून करा. तीन पट लागतात ते बहुधा पहिला पट फार आखूड किंवा फार लांब गेल्यामुळे. सहा, नऊ आणि बारा पावलांवर एकेक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोवा. आधी चेंडू हाताने, खालून सोडून तिथवर पोहोचवा, मग पटरने. अंतर वाढलं की पटर मागे जास्त न्यायचा, मनगटाने झटका द्यायचा नाही. चेंडू टीच्या पुढे फार तर वीतभर, दीड वीत थांबावा.

आता पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः तेच ठरवतं. होल १०८ मिलिमीटरचा. तीन मीटरवरून तोंड एका अंशाने वाकडं झालं, तर चेंडू पाचएक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे मधोमध मारलेला पट थेट काठावर. म्हणून सपाट जागी, चेंडूच्या अर्धा मीटर पुढे दोन टींचं दार करा, चेंडूपेक्षा बोटभर रुंद. दहापैकी आठ चेंडू टींना न शिवता पार झाले की दार अरुंद करा. मला या एका सरावाइतकं दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही.

उभं राहताना नाकाच्या मुळाशी धरलेला चेंडू खाली सोडून बघा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा किंचित आतल्या बाजूला पडायला हवा. पकड सैल ठेवा. मान उचलू नका, होलमध्ये पडल्याचा आवाज कानांनी ऐका.

ग्रीन वाचताना, म्हणजे उतार न्याहाळताना, उताराच्या खालच्या बाजूने चालत जा. चेंडू मंदावतो तिथे तो जास्त वळतो, म्हणून होलजवळचे शेवटचे दोन मीटर नीट बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बर्म्युडा गवत असतं: चमकदार दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली, चेंडू पळेल, गडद दिसलं तर अडेल. सकाळी दव असताना पट थोडा जोरात हवा.

लाइनवर, म्हणजे चेंडूच्या होलकडच्या वाटेवर, बुटाच्या खिळ्यांचे ओरखडे असतील तर ते दाबून घ्या. २०१९पासून नियमात याला परवानगी आहे.