पाळी बदलली की कुत्र्याचा खर्च का वाढतो, आणि तो कसा आवरावा

बदलीच्या हुकुमात किंवा पाळीच्या नव्या तक्त्यात घरातल्या कुत्र्या-मांजराचा उल्लेख नसतो, पण त्या कागदाचा पहिला फटका पुष्कळदा त्यालाच बसतो. वाळूजला पहिल्या पाळीतून रात्रपाळीत गेलेला कामगार असो किंवा नांदेडहून हिंगोलीला बदलून गेलेला लिपिक, पहिल्या दोन महिन्यांत जनावरावरचा खर्च वाढल्याची तक्रार दोघेही करतात. जनावर मात्र पूर्वीइतकेच खात असते. वाढलेला खर्च असतो तो घाईचा: मोजायला वेळ नाही म्हणून पिशवीतून ओतलेले खाणे, विसरलेली लस, रात्री अकरा वाजता गाठलेला खासगी दवाखाना. म्हणून बचत कशात करायची हे ठरवण्याआधी घरातील वेळापत्रक सावरावे लागते.

कारखान्यातील कामगारांना येथे कायद्याची एक तरतूद उपयोगी पडते. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, न बसणारा पाळीबदल करायचा असल्यास मालकाने सामान्यतः २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती मुदत तशीच ठेवलेली आहे. ठरलेल्या चक्राने फिरणाऱ्या पाळ्यांना याचा लाभ मिळत नाही. पण जेथे मुदत मिळते तेथे ती कुत्र्यासाठी वापरावी. फिरवण्याच्या आणि खाण्याच्या वेळेत ८ तासांचा फरक पडणार असेल, तर तो २१ दिवसांत वाटल्यास रोज साधारण २३ मिनिटांचा येतो, आणि एवढा फरक कोणतेही कुत्रे विनातक्रार पचवते.

दर आठवड्याला फिरणाऱ्या पाळीचे गणित वेगळे आहे. सकाळी ७ ते दुपारी ३, ३ ते रात्री ११ आणि ११ ते सकाळी ७ अशा तीन पाळ्या असतील आणि जाण्यायेण्यास एकेक तास लागत असेल, तर एकट्या राहणाऱ्या माणसाला तिन्ही पाळ्यांत घरी असल्याची सामाईक वेळ एकही सापडत नाही. ज्याला शंका असेल त्याने कागदावर मांडून पाहावे. त्यामुळे घड्याळ सांभाळण्याचा हट्ट सोडून क्रम सांभाळावा. कामावरून आले की आधी फिरणे, मग पाणी, मग खाणे, मग झोप, हा क्रम कोणत्याही पाळीत बदलू द्यायचा नाही. कुत्र्याला वाजले किती हे कळत नाही, पण कशामागून काय येते हे नेमके कळते. आलेल्या क्षणी करायचे ठरलेले काम असले, की नव्या पाळीत भांबावलेल्या माणसालाही त्याचा आधार होतो, हा माझा अनुभव आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांची अडचण ऋतूची आहे. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमानुसार एका पदावर सर्वसाधारण कालावधी ३ वर्षांचा धरलेला आहे आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात, म्हणजे मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असताना. सामानाच्या टेम्पोत कुत्रे बसवून दुपारी निघणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे होय, आणि पगसारख्या आखूड नाकाच्या जातींना त्याचा धोका सर्वाधिक असतो. प्रवास पहाटे उरकावा, निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नये, पाणी मात्र वाटेत देत राहावे. रेल्वेने न्यायचे असल्यास कुत्र्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते आणि ते गार्डच्या डब्यातील पेटीतून जाते. सोबत घेऊन बसायचे तर प्रथम श्रेणीचा पूर्ण कूपे, म्हणजे दाराचा स्वतंत्र खण, घ्यावा लागतो. दोन्ही प्रकारांत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आणि लसीकरणाची पुस्तिका जवळ असावी.

नवीन जागी गेल्यावर सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घर बदलले त्याच आठवड्यात खाणेही बदलणे. आम्ही परभणीहून छत्रपती संभाजीनगरला आलो तेव्हा जवळच्या दुकानात नेहमीचे खाणे मिळाले नाही, म्हणून जे होते ते आणले. तिसऱ्या दिवशी कुत्रीला हगवण लागली आणि दवाखान्याच्या तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की खाणे कधी बदलले. जुन्या खाण्यात नवे मिसळत ७ ते १० दिवसांत बदल पूर्ण करायचा असतो. म्हणून निघतानाच निदान दोन आठवड्यांचे जुने खाणे बरोबर घ्यावे.

खाण्यावरच्या खर्चात बचतीला खरी जागा आहे, पण ती स्वस्त पिशवी शोधण्यात नसून मापात आहे. पिशवीवरील तक्ता पाहून, एक वाटी ठरवून, एकदा घरच्या काट्यावर ती किती ग्रॅम भरते हे पाहावे. पुष्कळ घरांतील कुत्री गरजेपेक्षा अधिक खातात, आणि पुढे त्यांच्या लठ्ठपणावरही खर्च होतो. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते हे खरे. पण उघडलेल्या पिशवीतील स्निग्धांश उन्हाळ्यात लवकर खवट होतो, त्यामुळे महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच पिशवी घ्यावी आणि ती तशीच झाकणाच्या डब्यात ठेवावी.

आपल्याकडे ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घालण्याची रीत आहे. भाकरीला हरकत नाही. मात्र ती एकटीच रोजचे खाणे झाली तर प्रथिने कमी पडतात, आणि वाढ पूर्ण झालेल्या अनेक कुत्र्यांना दूध पचतही नाही. भाकरीबरोबर उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे मांस द्यावे, आणि उरलेला भाग तयार खाण्याचा ठेवावा, म्हणजे कॅल्शियमची उणीव राहत नाही. शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती टोकदार फुटतात आणि आतड्याला इजा करतात. कांदा-लसणाचा रस्सा, मनुके, द्राक्षे आणि चॉकलेट यांचाही मोह टाळावा. मांजराला भाकरीवर किंवा दूधभातावर जगवताच येत नाही. त्याला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातूनच मिळते आणि ते न मिळाल्यास डोळे व हृदय बिघडते.

आंघोळीच्या खर्चाविषयी थोडक्यात सांगता येईल. निरोगी कुत्र्याला महिन्यातून एक आंघोळ पुरते. मधल्या काळात कंगवा फिरवावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्या खर्चाला हात लावू नये तो आता पाहू. रेबीजची पहिली लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी द्यायची असते. पार्व्हो, डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांवरील एकत्रित लस पिल्लाला साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस असतात. पार्व्हो झालेल्या पिल्लाला दिवसेंदिवस सलाइनवर ठेवावे लागते; त्या एका आजाराचा खर्च अनेक वर्षांच्या लसींपेक्षा अधिक होतो, आणि तो करूनही पिल्लू वाचेलच असे नाही. बदलीच्या गडबडीत तारीख चुकते, म्हणून पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घरातील दोघांच्या फोनमध्ये ठेवावा आणि जंतनाशकाची दर तीन महिन्यांची तारीख पगाराच्या दिवसाला जोडावी.

गोचिडांच्या बाबतीत गावाकडे एक धोकादायक काटकसर चालते: गुरांसाठी आणलेले औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावले जाते. त्यातील मात्रा गुरांच्या हिशेबाची असते, आणि सायपरमेथ्रिनसारखी औषधे मांजराला तर जीवघेणी ठरतात. घरातली तापाची गोळी देणे हाही तसाच प्रकार आहे. मांजर पॅरासिटामॉलच्या एका गोळीने दगावू शकते. औषधात बचत करायचीच असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की लिहिलेले औषध जेनेरिक स्वरूपात चालेल का. उदाहरणार्थ, गोचिडतापात पुष्कळदा दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन माणसांच्या औषधांच्या दुकानातही मिळते. मात्रा तेवढी डॉक्टरांनीच ठरवावी.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी असतो, हा समज शहरात आलेल्या अनेकांचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्वचिकित्सालयात कुत्र्या-मांजरांनाही तपासतात आणि शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने बरेच कमी असते. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. नसबंदीसारखी ठरवून करण्याची शस्त्रक्रिया असल्यास त्यांच्या रुग्णालयात आधी चौकशी करावी. मादीची नसबंदी हा एकदाचा खर्च असून, गर्भाशयात पू होण्याच्या गंभीर आजारापासून ती तिला वाचवते. नव्या गावातील पहिल्याच सुट्टीत या दवाखान्यांच्या वेळा पाहून याव्यात, कारण रात्री पत्ता शोधणाऱ्याला दरात घासाघीस करता येत नाही.

ओव्हरटाइम बंद झाल्यामुळे पगार घटला असेल, तर अचानक येणाऱ्या आजारपणासाठी वेगळी रक्कम आधीच बाजूला काढावी. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती ५ वर्षांची असते आणि ३ वर्षांपूर्वी मोडता येत नाही. म्हणून या कामासाठी साधे वेगळे बचत खाते बरे. भिशीचा भरवसा धरू नये, कारण आपला नंबर लागण्याची आणि कुत्रे आजारी पडण्याची तारीख क्वचितच जुळते.

राहता राहिला तो आपण कामावर असताना जनावराला पाहण्याचा प्रश्न. पैसे देऊन कुत्रे ठेवण्याची सोय रोजच्या पाळीसाठी कोणालाच परवडत नाही. त्यापेक्षा आपल्या वसाहतीत उलट पाळीत काम करणारा आणि घरी कुत्रे असणारा दुसरा कोणी आहे का, ते पाहावे. आपण दुसऱ्या पाळीला असताना त्याने संध्याकाळी आपल्याकडचे कुत्रे फिरवावे, आणि तो पहिल्या पाळीला असताना आपण सकाळी त्याचे. आधी दोन-तीन रविवार दोन्ही कुत्री रस्त्यावर, कोणाच्याही दारात न नेता, एकत्र चालवून पाहावीत. ती जुळली तरच घराच्या किल्ल्यांची अदलाबदल करावी, आणि किल्लीसोबत दोघांनीही लसीकरणाच्या पुस्तिकेची एकेक प्रत एकमेकांच्या हाती द्यावी.