'अँटिसिपेट' वापरताना या चुका टाळा

बेळगावातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यातच विचारतं, "सर, भारी भारी शब्द सांगा की वो." त्या भारी शब्दांत 'अँटिसिपेट' हमखास असतो. मोबाइलवर अर्थ बघायचा, 'अपेक्षा करणे' असं दिसलं की 'एक्स्पेक्ट' खोडून तिथं हा ठोकायचा. असल्या वह्या तपासून माझे डोळे गेले.

शब्दाचं मूळ लॅटिन. 'अँटे' म्हणजे आधी, 'कापेरे' म्हणजे घेणं, धरणं. एक्स्पेक्ट करणारा नुसतं मनात धरून असतो, अँटिसिपेट करणारा पुढचं ओळखून कामाला लागतो. खानापूरकडं ढग भरून आले म्हणून कुणी गवताच्या गंजीवर ताडपत्री ओढली, तर त्यानं पाऊस अँटिसिपेट केला. ओसरीवर बसून "आज पडणार बघ" म्हणणाऱ्यानं एक्स्पेक्ट केला. नुसता अंदाज हाही अर्थ आता शब्दकोशात असतो आणि तो चूक नाही. पण जुना अर्थ मेलेला नाही, हे मी पगारी नोकरीत शिकलो.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी पत्रव्यवहार बघायचो. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाची चारशे पंप बॉडींची ऑर्डर आली. 'तुमची ऑर्डर येणार असं वाटतच होतं' एवढंच मला कळवायचं होतं. पण तरुण वय, भारी शब्दाची हौस. लिहिलं, 'वी हॅव अँटिसिपेटेड युअर ऑर्डर.' गिऱ्हाईक इंग्रजीत पक्का निघाला. ऑर्डर येणार हे ओळखून यांनी माल आधीच ओतून ठेवलाय, असा त्यानं अर्थ घेतला. सोमवारी सकाळी निपाणी, संकेश्वर करत त्याचा रिकामा टेम्पो गेटवर हजर. ज्यावरून साचा घेतात तो आमचा पॅटर्न अजून रॅकवर, वर बोटभर धूळ. मालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "हा शब्द कुणाचा?" टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं फाउंड्रीनं भरलं. माझ्या पगारातून काही कापलं नाही, पण महिनाभर मोल्डिंगवाले मला "काय अँटिसिपेट, चहा झाला काय?" असंच विचारायचे.

दुसरी चूक माझ्या खास रागातली: 'आय अँटिसिपेट टू गेट द जॉब.' एक्स्पेक्टच्या मागं 'टू गेट' चालतं, इथं नाही. 'आय अँटिसिपेट गेटिंग' म्हणा, नाहीतर सरळ नाम ठेवा: 'वी अँटिसिपेट अ डिले.' 'दॅट' लावून पुढं अख्खं वाक्य जोडलं तरी चालतं. नियम पाठ करून घेण्यावर माझा विश्वास नाही. माझ्या क्लासात क्रियापद वहीत एकटं लिहायचंच नाही, मागच्या शेपटासकट लिहायचं. पोरं कंटाळतात. कंटाळू देत. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी हवं असेल त्यांच्यासाठी शहरात बोर्ड पुष्कळ आहेत.

'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हे त्याच घरातलं दुखणं. तिथं 'मीटिंग यू' हवं, आणि ते फक्त आनंदाच्या गोष्टीला. ऑपरेशनची तारीख कळवताना कुणी 'लुकिंग फॉरवर्ड' लिहू नये. मी वाचलंय.

'आय अँटिसिपेटेड इन कबड्डी': तो पार्टिसिपेट, बाबांनो.

स्पेलिंगमध्ये 'अँटी' दिसतं म्हणून विरोधाचा अर्थ काढू नका. कोर्टातला अँटिसिपेटरी बेल म्हणजे अटकपूर्व जामीन, तो बेलच्या विरोधात नसतो. उच्चारात जोर 'टि'वर.

अर्जाच्या शेवटी 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' लिहायची आपल्याकडं जुनी खोड आहे. व्याकरणात बसतं, पण समोरच्यानं होकार देण्याआधीच आभार मानून त्याला बांधून घेतल्यासारखं वाटतं. मी नुसतं 'थँक यू' लिहितो.

आता आपल्या भागातला फास. कन्नडमध्ये 'निरीक्षे' म्हणजे अपेक्षा, आणि 'निरीक्षिसु'त वाट बघणंही येतं. मराठीत निरीक्षण म्हणजे नीट बघणं. घरी मराठी, शाळेत कन्नड, वर इंग्रजी. मग वहीत येतं, 'आय ॲम एक्स्पेक्टिंग फॉर द बस.' स्टँडवर उभं राहून खानापूरची बस बघत असाल तर 'वेट फॉर'. ती साडेपाचला येईल असं धरून असाल तर 'एक्स्पेक्ट', मागं 'फॉर' न लावता. आणि गर्दी होणार हे ओळखून आधीच्या थांब्यावर जाऊन जागा धरलीत, तर तुम्ही गर्दी अँटिसिपेट केलीत. खानापूरच्या पोरांना हे एका दमात कळतं, टिळकवाडीच्या स्कूटीवाल्यांना दोनदा सांगावं लागतं.