मोकळा सायलेन्सर लावल्यावर जेट बदलण्याआधी

जुन्या स्पोर्ट क्वाडला (मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची गाडी) मोकळा सायलेन्सर लावला किंवा एअर बॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, झाकण काढलं की इंजिनात हवा वाढते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. इंजिन तापतं, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन जाम होऊ शकतो. तरी लगेच जेटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीच्या, मागे लागू नका. आधी कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड हाताने वाकवून बघा. वरून धडधाकट दिसणाऱ्या रबराच्या घडीत बारीक चिरा निघतात, आणि तिथून हवा ओढली जात असेल तर जेट बदलणं फुकट. जोड शाबूत असेल तर मेन जेट (फुल थ्रॉटलवर पेट्रोल देणारा) मुद्दाम मोठा घालून हळूहळू खाली या. नवा प्लग लावा, फुल थ्रॉटलवर पळवून तिथेच इंजिन बंद करा, गार झाल्यावर प्लग काढा. पांढराफटक निघाला तर पेट्रोल कमी पडतंय, परत मोठा जेट.