आपल्या व्यायामशाळेचा इतिहास कसा लिहावा

शताब्दी किंवा अमृतमहोत्सव तोंडावर आला की मंडळाची स्मरणिका निघते आणि तिच्यात संस्थेचा इतिहास म्हणून दोन पाने घातली जातात. ती बहुधा मागच्या स्मरणिकेवरून उतरवलेली असतात. खरा इतिहास लिहायचा असेल, तर किमान वर्षभर आधी सुरुवात करावी आणि ती सत्कारमूर्तींच्या भाषणांपासून न करता संस्थेच्या कपाटापासून करावी.

त्या कपाटात सभांची इतिवृत्ते, कीर्द-खतावणी, पावतीपुस्तके, हजेरीपट आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, असते. यांपैकी शेवटच्या वहीकडे सहसा कोणी पाहत नाही, पण माझ्या मते इतिहासकाराला सर्वांत जास्त तीच देते. लेजीम, करेल, नाल, बनेटी, फरीगदगा या व्यायामाच्या जुन्या वस्तू कोणत्या वर्षी विकत घेतल्या, कोणत्या वर्षी ‘निर्लेखित’ म्हणजे निकामी म्हणून खोडल्या आणि त्यांच्या जागी बारबेल, पुढे मल्टिजिम, ट्रेडमिल केव्हा आले, हे तिच्यात तारखेनिशी सापडते. तालमीची जिम कशी झाली, हे सांगायला एवढी नोंद पुरते. जुन्या साधनांची नावे ओळखू आली नाहीत, तर बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादनाखाली खंडशः निघालेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ एखाद्या जुन्या ग्रंथालयातून मिळवावा.

सर्वाधिक वाद होतो तो स्थापनेच्या वर्षावरून. चार पोरांनी एखाद्या वाड्याच्या पडवीत जोर-बैठका सुरू केल्याचे वर्ष वेगळे, मारुतीची स्थापना झाल्याचे वेगळे, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद झाल्याचे वेगळे आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवल्याचे आणखी वेगळे असू शकते. यांतले एक खरे आणि बाकीची खोटी, असे ठरवण्याच्या फंदात न पडता प्रत्येक वर्ष त्याच्या पुराव्यासह लिहावे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा, उतारा, संस्थेची मूळ घटना (नियमावली) आणि विश्वस्तबदलाचे अर्ज यांच्या नकला मागवाव्यात. जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. दाराशी देणगीची शिळा असेल, तर तिच्यावरील शक नीट वाचावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो खरा, पण जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. त्यामुळे शके १८४६चा चैत्र १९२४ मध्ये पडतो आणि त्याच शकाचा माघ १९२५ मध्ये. एका वर्षाच्या या फरकापायी शताब्दी चुकीच्या साली साजरी होऊ शकते.

यानंतर संस्थेला तिच्या काळात बसवावे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे, कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे पुण्यातील महाराष्ट्रीय मंडळ १९२४चे आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५चे. आपली संस्था याच सुमाराची असेल, तर तिच्या संस्थापकांपैकी कोणी यांपैकी एखाद्या ठिकाणी शिकून आले होते का, याचा शोध घ्यावा. कोल्हापूर भागातील तालमींच्या बाबतीत शाहू महाराजांचा आश्रय आणि १९१२चे खासबाग मैदान यांना वगळून लिहिताच येणार नाही. पुण्यातील जुन्या आखाड्यांविषयी लिहिताना १८९७च्या रँडवधानंतरचा काळ विशेष बारकाईने पाहावा. दामोदर चाफेकरांनी तरुणांची व्यायामासाठी संघटना बांधली होती, त्यामुळे सरकारची नजर अशा ठिकाणांवर गेली. सरकारच्या संशयाने कागद फार चोख ठेवले आहेत. ते मुंबईच्या पुराभिलेखागारात चाळावेत.

मुलाखती कागद वाचून झाल्यावरच घ्याव्यात. ‘आठवणी सांगा’ म्हटले की वस्ताद पहाटे किती वाजता उठत, एवढेच ऐकायला मिळते. त्याऐवजी कुस्तीच्या हौदातली माती कोठून येई, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू यांपैकी काय घालत आणि त्याचे पैसे कोण देई, मल्लखांबाला एरंडेल लावण्याची पाळी कोणाची असे, वर्गणी थकली तर काय होई, असे प्रश्न विचारावेत. तपशील विचारला की माणसे तपशिलाने बोलतात. १९३६ मध्ये अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. ‘त्यात आमचाही एक गडी होता’ असे कोणी सांगितले, तर ते नाव अमरावतीच्या नोंदींत सापडेपर्यंत ‘असे सांगतात’ एवढेच लिहावे.

आत कोणाला येऊ दिले जात नव्हते, हेही लिहायला हवे. तालमी पेठांच्या होत्या तशा जातींच्याही होत्या. सभासदांच्या यादीतील आडनावे आणि घटनेतील प्रवेशाचे नियम एकत्र वाचले की बरेच कळते. मुलींचा वर्ग केव्हा सुरू झाला, त्याला सभेत विरोध कोणी केला आणि त्यांना दोरीच्या मल्लखांबापुरतेच ठेवले का, हे इतिवृत्तांत शोधावे. स्मरणिका समितीला हा भाग अवघड वाटतो. म्हणून तो आधी लिहून मंजूर करून घ्यावा, जाहिराती जमू लागल्यावर नव्हे.

अलीकडच्या दशकांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे केलेले अनुदानाचे प्रस्ताव आणि आमदार निधीची पत्रे पुरेशी आहेत. हा भाग थोडक्यात आटोपावा.

हाती आलेल्या कागदांचे लॅमिनेशन मात्र करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही आणि आतला कागद खराब होत राहतो. वह्यांची पाने सपाट ठेवून बाजूच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक छायाचित्राला वहीचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक द्यावा आणि त्यांचा एक संच गावच्या नगर वाचनालयात पोचता करून तशी पोच घ्यावी.