अंब्रेला पाम पाण्यात उलटा लावा

नर्सरीत 'अंब्रेला पाम' म्हणून मिळतो तो पाम नव्हेच. शेतातल्या लव्हाळ्याचा, नागरमोथ्याचा भाऊबंद, मूळचा आफ्रिकेकडच्या पाणथळ जागांतला. म्हणूनच त्याला ओल हवी. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात कुंडी एक दिवस कोरडी पडली, तरी पात्यांची टोकं करपतात. आमच्याकडे कुंडी थेट पाणी भरलेल्या घमेल्यातच ठेवलेली असते. डास होऊ नयेत म्हणून घमेल्यातलं पाणी दर चार-पाच दिवसांनी पूर्ण ओतून बदलायचं, हे मात्र चुकवू नका.

नवं रोप विकत आणायची गरज नाही. दांड्याच्या टोकावरची पात्यांची जून झालेली छत्री दोन-तीन इंच दांड्यासकट कापा, पाती निम्मी छाटा आणि उलटी करून, दांडा वर राहील अशी पाण्यात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पात्यांच्या बेचक्यातून पांढरी मुळं आणि हिरवे कोंब डोकावतात. मग काळ्या मातीत थोडं शेणखत मिसळून लावा. पिवळे पडलेले दांडे बुडापासून कापा, मधून छाटू नका. कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही, नवे कोंब बुडातूनच येतात. काढलेले गड्डे ओढ्यात किंवा नदीकाठी टाकू नका, तिथे ते रान माजवतात.