जर्मनीला निघालात? मग काही समजुती पुण्यातच ठेवून जा

पुण्यातून जर्मनीला शिकायला जाणारी मुलं वर्षागणिक वाढतच आहेत. मी तिथे मास्टर्स केलं, नोकरी केली आणि परत पुण्यात आले, त्यामुळे ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली मुलं आईबाबांना घेऊन घरी येतात. प्रश्न कमी आणि ठाम समजुती जास्त. काही समजुती ऐकून हसू आवरत नाही, पण बहुतेकींत अर्धं तथ्य असतं, म्हणून त्या सहज पटतात. गोत्यात आणतो तो उरलेला अर्धा भाग.

सगळ्यात लाडकी समजूत म्हणजे तिकडे शिक्षण फुकट. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या मेकॅनिकलवाल्यांना जिथे जायचं असतं ते स्टुटगार्ट नेमकं त्याच राज्यात आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. मास्टर्सला ती सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो पडते. खासगी विद्यापीठांची गोष्ट तर वेगळीच. एजंट ‘जर्मनीत ॲडमिशन’ एवढंच सांगतो. विद्यापीठ सरकारी की खासगी आणि कोणत्या राज्यातलं, हे तुम्ही विचारायचं.

त्याच्या उलट टोकाची समजूत ब्लॉक्ड अकाउंटची. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. कोथरूडचे एक काका मला कळवळून म्हणाले, “अगं, फी नाही म्हणतात आणि सरकार अकरा-बारा लाख आधीच काढून घेतं!” त्यांना कागदावर मांडून दाखवलं. पैसे मुलाचेच, मुलाच्याच नावावर. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्याच्या हातात येतात आणि त्यातूनच भाडं, किराणा, आरोग्य विमा भागवायचा. काकांचा चेहरा उजळला. पुढे त्यांनीच सोसायटीतल्या दोघांना ते समजावलं.

मार्कांचा गोंधळ सगळ्यात मजेशीर. एका मुलीने पहिल्या परीक्षेनंतर घरी फोन करून “१.३ मिळाले” सांगितलं. आजी घाबरून म्हणाली, “दहापैकी?” तिथे १.० सर्वोत्तम, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास. म्हणजे नातीने झेंडा रोवला होता आणि घरात सुतक! निघायच्या आधी घरच्यांना हे उलटं गणित सांगून ठेवा. आणि एक गोष्ट स्वतःच्या मनावर कोरून घ्या: “केटी लागली तर लागली, पुढे काढू” हा नापास विषय पुढे ढकलायचा इथला हिशोब तिथे चालत नाही. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. आवश्यक विषयात तिसऱ्यांदाही नापास झालात, तर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही पुढे नेता येत नाही. हे मला फार गंभीर वाटतं आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आता सामान. तुळशीबागेतून कुकर घ्या, काही हरकत नाही. “आपली उपकरणं तिकडे जळतात” हे मात्र खोटं, कारण तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच असतं. आपली जाड तीन पिनांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही एवढंच. साधा अडॅप्टर पुरतो, जड कन्व्हर्टर नको. लक्ष्मी रस्त्यावरच्या स्वेटरांचा ढीगही नको. घरात, वर्गात, बसमध्ये हीटिंग असतं. थंडी बाहेरची, वाऱ्याची. वारा अडवणारं एकच चांगलं जॅकेट तिथे जाऊन घ्या.

आणि आयांनो, तूप आणि पेढे नका देऊ! युरोपीय संघात बाहेरून स्वतःच्या सामानातूनही दूध किंवा मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. हापूसलाही सरकारी आरोग्य-प्रमाणपत्र लागतं. भाजणी, गोडा मसाला खुशाल द्या.

रविवारी दुकानं बंद, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी “एखादं तरी उघडं असेल की” अशी खात्री असते. मोठ्या स्टेशनांवरची थोडी सोडली तर नसतं. शनिवारीच भाजी भरा. त्याच फेरीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जा. सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत एक गोल तोंड असतं. बाटली आडवी आत सरकवायची. ती आत गरगर फिरते, कोड वाचला जातो, मागे कडकड चिरडल्याचा आवाज येतो आणि पडद्यावर २५ सेंट जमा दिसतात. शेवटी हिरवं बटण दाबलं की पावती निघते, ती काउंटरवर द्यायची. नवी मुलं बाटल्या कचऱ्यात टाकतात. तो बाटली घेताना भरलेला आपलाच पैसा आहे, टाकू नका.

गाड्या मात्र घड्याळावर चालत नाहीत. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या सुमारे ६२ टक्केच गाड्या वेळेवर होत्या. मुलाखतीला एक गाडी आधीची धरा.

गैरसमज तिकडेही आहेत. माझ्या फ्लॅटमधल्या मुलीला पुणं ठाऊक होतं ते फक्त ओशोंच्या आश्रमामुळे; ते डोंगरातलं शांत गाव असेल असं ती धरून चालली होती. २०११ च्या जनगणनेतच पुण्याची लोकसंख्या ३१ लाख होती, म्युनिकच्या दुप्पट, हे ऐकून तिने हातातला चमचा खाली ठेवला. मग मी तिला चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना आणि जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या नावाचा औंधचा ब्रेमेन चौक नकाशावर दाखवला. असे प्रश्न आले तर चिडू नका, नकाशा उघडा. माझी तिच्याशी मैत्री त्या संध्याकाळीच जमली.

शेवटची समजूत: कोर्स इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला? वर्गात चालेलही. पण घरमालक, पत्ता नोंदवायचं कार्यालय, डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट, पार्टटाइम नोकरीतला मुकादम, सगळे जर्मनच बोलतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण भाषा नसेल तर हाती उरतं ते गोदामातलं काम. रानडे इन्स्टिट्यूट आणि बोट क्लब रस्त्यावरचं मॅक्सम्युलर भवन आपल्या हाताशी आहे. बी१, म्हणजे रोजचं बोलणं निभावणारी तिसरी पातळी, इथेच पूर्ण करा. एपीएस प्रमाणपत्राच्या, म्हणजे व्हिसासाठी आपल्या मार्कशीट-पदव्या तपासून मिळणाऱ्या दाखल्याच्या, कागदांना लागायच्या आधी बॅचला नाव घाला, कारण कागद जमवता जमवता पहिली पातळी सहज होऊन जाते.